रेघ कोणी ओढायची?

मत कसे द्यावे, हे आता आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. यादीत नाव पाहायचे. ओळखपत्र दाखवायचे. बोटाला शाई लावून घ्यायची. मग यंत्राचे बटण दाबायचे. मत गुप्त राहते. पुढे मते मोजतात. ज्याला जास्त मते, तो निवडून येतो.

आता एक प्रश्न पाहा. समजा, एका राज्यात निवडणूक झाली. कोणी दमदाटी केली नाही. कोणी पैसे वाटले नाहीत. खोटे मत पडले नाही. मोजणीही बिनचूक झाली. तरीसुद्धा ज्या पक्षाला कमी मते पडली, त्याचेच आमदार जास्त निवडून आले. असे होईल का?

तुम्ही म्हणाल, "छे! असं कसं होईल?"

पण असे होते. अमेरिकेत हे कितीदा तरी झाले आहे. तिथे ही युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. ही लबाडी मतपेटीत होत नाही. निवडणुकीच्या आधीच ती कागदावर होते. एक नकाशा, एक पेन्सिल आणि पेन्सिल धरणारा हात. एवढ्यावर तिचे काम भागते.

ही युक्ती आपणही समजून घेतली पाहिजे. कारण मत देणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या मताची किंमत राखणे महत्त्वाचे.

मतदारसंघ म्हणजे काय?

सगळ्या राज्यातले लोक मिळून एकच आमदार निवडत नाहीत. राज्याचे वाटे करतात. एकेका वाट्याला मतदारसंघ म्हणतात. एका मतदारसंघातून एक आमदार निवडून येतो. त्या मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते, तो जिंकला. दुसऱ्याला एक मत कमी पडले तरी तो हरला. त्याची सगळी मते तिथेच संपली. ती शेजारच्या मतदारसंघात नेता येत नाहीत.

म्हणून मतदारसंघाची हद्द कुठून जाते, याला फार महत्त्व आहे. तुमची वाडी रेघेच्या अलीकडे की पलीकडे, यावर तुमच्या मताचे वजन ठरते.

पण हद्द कायमची ठेवता येत नाही. लोक गावे सोडून शहरात जातात. कुठे वस्ती वाढते, कुठे घटते. म्हणून काही वर्षांनी हद्दी पुन्हा आखाव्या लागतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते, म्हणजे माणसे मोजतात. त्यानंतर हद्दी नव्याने आखतात. तिथे ५० राज्ये आहेत. बहुतेक राज्यांत हे काम राज्याचे कायदेमंडळच करते. कायदेमंडळ म्हणजे निवडून आलेले आमदार.

इथेच पाणी मुरते. ज्यांना पुढची निवडणूक लढवायची आहे, त्यांच्याच हातात पेन्सिल! वाढणारा आपला असला, म्हणजे पंगतीत कुठेही बसले तरी चालते, म्हणतात ना? तसेच हे.

दाणे घ्या आणि करून पाहा

ही युक्ती नुसती वाचून कळणार नाही. घरातले दाणे घ्या. ज्वारीचे १५ दाणे मोजा. तुरीचे १० दाणे मोजा. एकूण २५ झाले. एक दाणा म्हणजे एक मतदार. ज्वारी हा एक पक्ष, तूर हा दुसरा पक्ष.

आता पाच वाटे करायचे. प्रत्येक वाट्यात पाच दाणे. ज्या वाट्यात ज्याचे दाणे जास्त, तो वाटा त्याचा.

पहिली रीत. तीन वाट्यांत नुसती ज्वारी ठेवा. दोन वाट्यांत नुसती तूर ठेवा. ज्वारीला तीन जागा, तुरीला दोन. जशी मते, तशा जागा. कोणाची तक्रार नाही.

दुसरी रीत. प्रत्येक वाट्यात ज्वारीचे तीन आणि तुरीचे दोन दाणे ठेवा. आता काय झाले? पाचही वाटे ज्वारीचे. तुरीला दहा मते असून एकही जागा नाही.

तिसरी रीत. ही नीट पाहा. एका वाट्यात ज्वारीचे पाच दाणे ठेवा. दुसऱ्या वाट्यात ज्वारीचे चार आणि तुरीचा एक. राहिले ज्वारीचे सहा आणि तुरीचे नऊ. त्यांचे तीन वाटे करा. प्रत्येकात तुरीचे तीन, ज्वारीचे दोन. आता मोजा. ज्वारीला दोन जागा, तुरीला तीन! ज्वारीचे दाणे १५, तरी ती हरली. तुरीचे दाणे १०, तरी राज्य तुरीचे.

एकही दाणा बदलला नाही. मोजणीतही खोट नाही. बदलले ते फक्त वाटे.

या तिसऱ्या रीतीत दोन डाव आहेत. पहिला डाव कोंडण्याचा. विरोधकाची पुष्कळ माणसे एकाच वाट्यात कोंडायची. तिथे तो भरघोस मतांनी जिंकतो. पण जिंकायला तीन दाणे पुरे असताना त्याचे पाच खर्च होतात. वरचे दोन फुकट जातात. दुसरा डाव फोडण्याचा. विरोधकाची उरलेली माणसे थोडी थोडी फोडून निरनिराळ्या वाट्यांत टाकायची. मग तो सगळीकडे थोडक्यात हरतो.

कोंडा आणि फोडा. सगळी युक्ती या दोन शब्दांत आली.

आता दाणे हाताने उचलता येतात. माणसे तशी उचलता येत नाहीत. ती आपापल्या घरी राहतात. म्हणून माणसे जागेवर ठेवून रेघ फिरवतात. ही गल्ली घ्यायची, ती सोडायची. इथून आत शिरायचे, तिथून बाहेर पडायचे. असे करता करता मतदारसंघाला चमत्कारिक आकार येतो. अशाच एका आकारावरून या युक्तीला नाव पडले. ती गोष्ट ऐका.

गेरीसाहेबांचा सरडा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. १८१२ साली तिथे एल्ब्रिज गेरी हे गव्हर्नर होते. गव्हर्नर म्हणजे तिथल्या राज्याचा मुख्य कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. गेरी काही लहान माणूस नव्हते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे.

त्या वेळी राज्यात दोन पक्ष होते. गेरींचा पक्ष डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन. समोरचा पक्ष फेडरलिस्ट. गेरींच्या पक्षाने राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ नव्याने आखले. गेरींना ती आखणी मनातून पसंत नव्हती, असे म्हणतात. पण फेब्रुवारी १८१२ मध्ये त्यांनी त्या कायद्यावर सही केली.

त्यात एक मतदारसंघ होता बोस्टन शहराच्या उत्तरेला, एसेक्स नावाच्या भागात. तो त्या भागाला कडेकडेने वळसा घालून जाई. लांबच लांब, बारीक आणि वाकडा. २६ मार्च १८१२ रोजी बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याचे चित्र छापले. चित्रकाराने त्या आकाराला डोके, पंख आणि नख्या काढल्या. झाला एक भयंकर प्राणी! इंग्रजीत सॅलॅमँडर नावाचा एक प्राणी आहे. दिसायला सरड्या-पालीसारखा. त्याचे शेपूट गेरींच्या नावाला जोडले आणि 'गेरीमँडर' हा शब्द तयार झाला. आज त्याचा उच्चार 'जेरीमँडर' असा करतात. आपल्याकडे 'जेरीस आणणे' म्हणतात. त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. पण अर्थ बरा जुळतो. विरोधकाला जेरीस आणण्याचीच ही विद्या.

निवडणुकीत काय झाले? वरिष्ठ सभागृहासाठी फेडरलिस्ट पक्षाला ५१,७६६ मते पडली. गेरींच्या पक्षाला ५०,१६४ पडली. म्हणजे फेडरलिस्टांना दीड हजारांवर मते जास्त. पण जागा? फेडरलिस्टांना ११ आणि गेरींच्या पक्षाला २९!

आणखी एक गंमत पाहा. त्याच वर्षी गव्हर्नरची निवडणूकही झाली. तिच्यात खुद्द गेरी हरले. असे का? कारण गव्हर्नरला सगळे राज्य मिळून निवडते. तिथे वाटे नसतात. वाटे नाहीत, म्हणून रेघ नाही. आणि रेघ नाही, म्हणून युक्तीही नाही. जिथे सगळी मते एकत्र मोजली, तिथे लोकांना हवा तो माणूस आला. जिथे रेघा होत्या, तिथे रेघांनी निकाल दिला.

गेरी पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. १८१४ साली ते वारले. स्वातंत्र्यासाठी त्यांनी पुष्कळ केले. पण लोकांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते या एका सहीमुळे.

गाव तेच, पण माणसे हद्दीबाहेर

गेरींच्या गोष्टीत एका पक्षाच्या जागा गेल्या. पण रेघेने याहून मोठे नुकसान होऊ शकते. माणसाचा मताचा हक्कच काढून घेता येतो.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे शहर आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नाव आपल्याकडे पुष्कळांनी ऐकले आहे. गुलामाच्या घरी जन्मलेला आणि भुईमुगाचे नाना उपयोग शोधून काढणारा हा शास्त्रज्ञ टस्कीगीच्याच विद्यालयात शिकवत असे. या शहरात काळ्या वर्णाचे लोक संख्येने जास्त. पण कारभार गोऱ्यांच्या हाती. काळ्यांचे नाव मतदारयादीत येऊ नये, म्हणून नाना अडथळे घालत. तरीही तिथले शिकलेले लोक चिकाटीने नावे नोंदवत राहिले. १९५७ पर्यंत सुमारे ४०० काळे मतदार झाले. ही संख्या अशीच वाढली, तर नगरपालिका आपल्या हातून जाईल, अशी गोऱ्या पुढाऱ्यांना भीती वाटू लागली.

त्यांनी काय केले? राज्याच्या कायदेमंडळात एक कायदा करून घेतला. शहराची हद्द बदलली. आधी शहर चौकोनी होते. आता त्याची हद्द २८ बाजूंची वेडीवाकडी झाली. या नव्या रेघेने ४०० पैकी चार-पाच सोडून सगळे काळे मतदार शहराबाहेर गेले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. कार्व्हर जिथे शिकवत, ते विद्यालयसुद्धा शहराबाहेर पडले.

विचार करा. घर तेच. रस्ता तोच. बाजार तोच. पण एके दिवशी सांगितले, "तुम्ही आता या शहरातले नाही. तुम्हाला इथं मत नाही."

लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. काही दुकाने बंद पडली. विद्यालयातले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. खालच्या कोर्टांनी त्यांचे म्हणणे ऐकले नाही. हद्द आखणे हा राज्याचा अधिकार आहे, असे सांगितले. मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ नोव्हेंबर १९६० रोजी निकाल लागला. सगळ्या न्यायाधीशांचे एकमत झाले. वर्ण पाहून मताचा हक्क काढून घेण्यासाठी हद्द बदलता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. पुढच्या वर्षी शहराची जुनी हद्द परत आली.

हद्द बदलली नाही, तरी अन्याय

रेघ बदलून जसा अन्याय होतो, तसा रेघ मुद्दाम न बदलूनही होतो.

टेनेसी नावाच्या राज्यात १९०१ साली मतदारसंघ आखले होते. त्यानंतर साठ वर्षे कोणी त्यांना हात लावला नाही. मधल्या काळात लाखो लोक खेड्यांतून शहरांत गेले. खेड्यांतले मतदारसंघ रिकामे होत गेले, शहरांतले फुगत गेले. पण आमदारांची वाटणी जुनीच राहिली. जुन्या हद्दींवर निवडून आलेले आमदार नव्या हद्दी कशाला आखतील? आपणच बसलेली फांदी कोण तोडतो?

अलाबामात तर याहून वाईट स्थिती होती. तिथे एका जिल्ह्यात सुमारे १५ हजार लोक. दुसऱ्यात ६ लाख ३४ हजार. पण राज्याच्या वरिष्ठ सभागृहात दोघांनाही एकेकच जागा! म्हणजे पहिल्या जिल्ह्यातल्या एका माणसाचे वजन दुसऱ्या जिल्ह्यातल्या ४१ माणसांइतके.

१९६२ आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत मोठे निकाल दिले. आमदार हा माणसांचा प्रतिनिधी असतो, जमिनीचा किंवा झाडांचा नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. मतदारसंघांत लोकसंख्या सारखी असली पाहिजे. एका माणसाला एक मत, आणि प्रत्येक मताचे मोल सारखे. त्यानंतर राज्याराज्यांत हद्दी नव्याने आखाव्या लागल्या.

पण आपले दाणे आठवा. तिन्ही रीतींत प्रत्येक वाट्यात पाचच दाणे होते. संख्या सारखीच होती. तरी निकाल तीन तऱ्हेचे लागले. म्हणजे लोकसंख्या सारखी केली, तरी लबाडीचे दार बंद होत नाही.

पेन्सिल गेली, संगणक आला

पूर्वी पुढाऱ्याला अंदाजाने काम करावे लागे. कोणत्या आळीत आपली माणसे, कोणत्या आळीत त्यांची, हे आठवून रेघ ओढावी लागे. आता संगणक आहे. कोणत्या भागात कोणत्या पक्षाला किती मते पडली, हे सगळे त्यात भरता येते. मग रेघ जराशी सरकवली की काय होईल, ते तो क्षणात सांगतो. हजार नकाशे करून त्यांतला सोयीचा निवडता येतो.

विस्कॉन्सिन राज्याचे उदाहरण घ्या. २०११ साली तिथे रिपब्लिकन पक्षाने हद्दी आखल्या. २०१२ च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहासाठी त्या पक्षाला निम्म्याहून कमी मते पडली, शेकडा ४८.६. पण ९९ पैकी ६० जागा त्याला मिळाल्या.

आता कोणी म्हणेल, "हा एकाच पक्षाचा दोष." तसे नाही. मेरिलँड राज्यात सत्ता डेमोक्रॅटिक पक्षाची होती. त्यानेही २०११ साली तेच केले. तिथे एका मतदारसंघातून रिपब्लिकन पक्षाचा माणूस दहा वेळा निवडून आला होता. त्या मतदारसंघाची हद्द अशी बदलली, की २०१२ साली तो पडला. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या हाती रेघ. आणि ज्याच्या हाती रेघ, त्याला मोह.

लोक पुन्हा कोर्टात गेले. २७ जून २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पाच न्यायाधीश एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. वर्णावरून हद्द आखली तर केंद्राची कोर्टे हात घालतील. पण पक्षाच्या फायद्यासाठी आखली तर ती कोर्टे हात घालणार नाहीत. हा अन्याय वाटला, तरी तो राज्यांनी आणि लोकांनी आपल्या कायद्यांनी दूर करावा, असे बहुमताने ठरले. चार न्यायाधीशांना हे मुळीच पटले नाही.

त्यानंतर मोह आणखी वाढला. हद्दी दहा वर्षांनी एकदा आखायची रूढी होती. पण २०२५ साली टेक्सस राज्यात रिपब्लिकन पक्षाने मधेच हद्दी बदलल्या. देशाच्या लोकसभेत आपल्या पाच जागा वाढाव्यात, हा हेतू. ते पाहून कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक पक्षाने उलटा डाव टाकला. तिथे हद्दी आखायला तटस्थ मंडळ होते. त्याचा नकाशा काही वर्षे बाजूला ठेवावा, असा ठराव लोकांपुढे ठेवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांनी तो मंजूर केला. त्याने केले, म्हणून मी केले. शेजारी शेजारी बांध कोरू लागले, म्हणजे दोघांचेही नुकसान होते. इथेही तसेच आहे.

यात साध्या माणसाचे काय जाते?

कोणी म्हणेल, "हे पुढाऱ्यांचं भांडण. आपल्याला त्याचं काय?"

आपलेच जाते. आमदार आपल्याकडे का येतो? पाण्याची, रस्त्याची, शाळेची तक्रार का ऐकतो? पाच वर्षांनी मत मागायचे असते, म्हणून. उद्या त्याची जागा रेघेनेच पक्की करून दिली, तर तो कशाला येईल? मत दिले काय आणि न दिले काय, निकाल ठरलेलाच. मग लोक मतदानाला जाणे सोडतात. आणि लोकांनी मतदान सोडले, की पुढाऱ्याला रान मोकळे.

मतदारांनी पुढारी निवडायचा, हा लोकशाहीचा नियम. इथे पुढारीच आपले मतदार निवडतो. शेत राखायला कुंपण घालतात. इथे कुंपणच शेत खाते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेघ वाकडी दिसली, म्हणजे लबाडीच झाली, असे नाही. नदी असते, डोंगर असतो. एका समाजाची वस्ती फुटू नये, म्हणूनही रेघ वाकवावी लागते. आणि रेघ सरळ आहे, म्हणून ती प्रामाणिक आहे, असेही नाही. दुसऱ्या रीतीत दाण्यांचे वाटे किती नीटनेटके होते! तरी तुरीला एकही जागा मिळाली नाही. म्हणून नुसता आकार पाहू नये. रेघ कोणी ओढली, कोणत्या हेतूने ओढली, आणि लोकांना विचारून ओढली का, हे पाहावे.

उपाय काय?

मिशिगन राज्यातल्या लोकांनी एक उपाय केला. २०१६ साली केटी फेही नावाच्या एका तरुणीने आपल्या ओळखीच्या लोकांना विचारले, की हे बंद करायला कोण येते? ती पुढारी नव्हती. तिच्या हाती पैसा नव्हता. पण माणसे जमत गेली. त्या राज्यात पुरेशा मतदारांच्या सह्या जमल्या, तर एखादा ठराव सगळ्या लोकांच्या मताला टाकता येतो. स्वयंसेवक दारोदार फिरले. जत्रांत, बाजारांत उभे राहिले. त्यांनी चार लाखांवर सह्या जमवल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदान झाले. शेकडा ६१ लोकांनी ठरावाला होकार दिला.

आता तिथे हद्दी १३ नागरिकांचे मंडळ आखते. त्यात चार एका मोठ्या पक्षाचे, चार दुसऱ्याचे, आणि पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. पुढाऱ्यांना त्यात जागा नाही. अर्ज केलेल्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड होते. मंडळाच्या बैठका उघड होतात. नकाशा आधी लोकांना दाखवावा लागतो.

हे मंडळ काही देवमाणसांचे नाही. त्याचीही चूक झाली. डेट्रॉइट शहराजवळचे १३ मतदारसंघ वर्ण पाहून आखले होते, असे २०२३ साली कोर्टाने ठरवले. ते पुन्हा आखावे लागले. पण इथे एक मोठा फरक आहे. चूक झाली ती उजेडात झाली. म्हणून ती दिसली, आणि सुधारताही आली.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात लोकसभेच्या आणि विधानसभेच्या हद्दी आखायला आमदार-खासदार बसत नाहीत. त्यासाठी कायद्याने वेगळा आयोग नेमतात. त्याला परिसीमन आयोग म्हणतात. परिसीमन म्हणजे सीमा आखणे. असे आयोग १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ सालच्या कायद्यांनी नेमले. २००२ च्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. आयोगाबरोबर काही आमदार-खासदार बसतात. ते आपले म्हणणे मांडू शकतात. पण निर्णयात त्यांना मत नसते. आयोग आधी कच्चा आराखडा छापतो, लोकांच्या हरकती ऐकतो, आणि मग तो पक्का करतो.

रेघ पुढाऱ्याच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती द्यावी, हा शहाणपणा आपल्या कायद्यात आहे. पण कायदा कागदावर असून भागत नाही. ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे प्रभाग आखतात, तेव्हाही कच्चा आराखडा लोकांपुढे ठेवतात. हरकती घ्यायला ठराविक दिवस देतात. त्या दिवसांत कार्यालयात जाऊन नकाशा किती जण पाहतात? आपली आळी कोणत्या प्रभागात गेली, एका वस्तीचे दोन तुकडे का केले, असे किती जण विचारतात? मुदत संपल्यावर चावडीवर कुरकुर करून उपयोग नाही.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पाटी वाचता, यादी वाचता. आता नकाशाही वाचायला शिका. आराखडा लागला की चार जण मिळून जा. आपले घर बोटाने शोधा. रेघ कुठून येते आणि कुठे जाते, ते पाहा. समजले नाही तर विचारा. पटले नाही तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. मत एका दिवशी द्यायचे असते. पण त्याची राखण आधीपासून करावी लागते.

विचार करा आणि बोला

१. कोंडणे आणि फोडणे म्हणजे काय? दाणे घेऊन दुसऱ्याला समजावून सांगा.

२. १८१२ साली गेरी स्वतः हरले, पण त्यांच्या पक्षाला जागा जास्त मिळाल्या. असे का झाले?

३. टस्कीगीच्या लोकांनी अन्याय दूर करण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी केल्या?

४. तुमचे घर कोणत्या प्रभागात येते? त्या प्रभागाच्या चारही बाजूंना काय आहे, ते सांगा.